गर्भाचे पंचांग

आपल्याकडे गर्भिणीच्या कौतुकाला आरंभ होतो तो पाळी चुकून दोन-तीन महिने उलटल्यावर, शेजारणींच्या नजरेला तिची चाल ओळखू येऊ लागल्यावर. आणि त्या कौतुकाचा कळस होतो सातव्या महिन्यात, ज्या वेळी तिला हिरवे लुगडे नेसवून, फुलांची वाडी भरून, झोपाळ्यावर बसवून डोहाळजेवण केले जाते आणि पेढा निघतो की बर्फी यावरून पोटातल्या जिवाविषयी अंदाज बांधले जातात. हा सोहळा मला मनापासून प्रिय आहे. परंतु आयुष्याची पुष्कळशी वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवण्यात गेलेल्या माणसाला त्या मांडवात बसले असताना एक गोष्ट विसरता येत नाही. ती ही की, ज्या घडणीसाठी आपण सारे मिळून शुभ चिंतीत आहोत ती घडण बहुतांशी केव्हाच पुरी झालेली आहे. हृदयाचे कप्पे, वरचा ओठ, टाळू, हातापायांची बोटे, पाठीचा कणा, या सर्वांचा निकाल त्या मुलीने आपल्या आईच्या कानात पहिल्यांदा 'दिवस गेले' म्हणून सांगितले, त्याच्या मागेपुढेच लागून चुकला होता. सातव्या महिन्यात गर्भ वाढतो, बळावतो, त्याच्या मेंदूची जडणघडण चालू असते. पण त्याची आकृती नव्याने ठरत नाही. घरचे पंचांग एक आणि गर्भाचे पंचांग दुसरे, आणि या दोहोंतील तफावतीपायी आपल्या समाजात किती आयांवर निष्कारण दोष आला आहे, हे सांगण्यासाठीच मुख्यतः मी हे पुस्तक लिहावयास घेतले.

१९८० सालच्या फेब्रुवारीतील सोळा तारखेचे सूर्यग्रहण ज्यांना आठवत असेल त्यांना त्या दुपारचे ओस पडलेले रस्तेही आठवत असतील. खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या दक्षिणेला कारवारवरून गेला. तरी महाराष्ट्रातसुद्धा घरोघरी खिडक्यांना पडदे लागले होते, आणि गर्भार बायकांना तर विळीला हात लावण्याची, सुईत दोरा ओवण्याची, पाय दुमडून बसण्याचीही बंदी होती. त्यानंतर काही महिन्यांनी दुभंगलेल्या ओठाचे मूल घेऊन आलेल्या एका तरुण बाईने, मी काही विचारण्यापूर्वीच, आपला गुन्हा कबूल केल्याच्या स्वरात मला सांगितले, "ग्रहणात माझ्या हातून सुपारी कातरली गेली." ग्रहणाच्या दिवशी तिला सहावा महिना चालू होता. वरचा ओठ फलनापासून सातव्या आठवड्याच्या आत सांधला जातो. म्हणजे ज्या कृत्याबद्दल ती सासरच्यांची बोलणी मुकाट्याने सोशीत होती, ते घडण्याच्या तीन-साडेतीन महिने आधीच त्या मुलाच्या ओठाचा मामला संपलेला होता. मी तिला हे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. तिला ते पटले की नाही हे माझ्याने सांगवत नाही. परंतु एका माणसाला बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत पाच मिनिटांत पटवून देण्याची ही गोष्ट नाही, ती सबंध समाजाला सावकाशपणे, चित्रांनिशी आणि तारीखवार समजावून दिली पाहिजे, असे माझ्या मनाने त्या दिवशी घेतले.

गर्भ कसा होतो हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी टाळला नाही. गर्भोपनिषदात एका रात्रीच्या गर्भाला कलल, सात रात्रींच्या गर्भाला बुद्बुद आणि पंधरवड्याच्या गर्भाला पिंड अशी नावे दिली आहेत, आणि दिवसागणिक अवस्थांची नोंद ठेवण्याची ती कल्पनाच मोलाची आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तर एक वादच नोंदला आहे: गर्भाचे कोणते अंग प्रथम उत्पन्न होते? शौनक म्हणतो मस्तक, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभी, मार्कंडेय म्हणतो हातपाय, सुभूती गौतम म्हणतो मधला देह; आणि शेवटी धन्वंतरी निवाडा देतो की सर्व अंगे एकदमच उत्पन्न होतात, केवळ सूक्ष्मत्वामुळे ती दिसत नाहीत, ज्याप्रमाणे कोवळ्या आंब्यात कोय, गर आणि रेषा वेगळ्या दिसत नसल्या तरी असतातच. दृष्टांत सुंदर आहे, निवाडा मात्र टिकला नाही. याहून मला अधिक आदर वाटतो तो चरकसंहितेतील एका विचाराचा: आंधळ्या पित्याचे मूल आंधळे का होत नाही असा प्रश्न उपस्थित करून, बीजाचा जो भाग बिघडलेला असेल त्याच भागाशी संबद्ध असलेला अवयव विकृत होतो, असे उत्तर तेथे दिले आहे. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात केवळ तर्काच्या बळावर व्यंगाचे कारण आईच्या आचरणातून काढून बीजाच्या अंतर्रचनेत नेऊन ठेवणारा हा विचार पुढे लोकव्यवहारात रुजला असता तर किती बरे झाले असते! रुजला तो दुसरा. चवथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते म्हणून स्त्री द्विहृदया होते, तिच्या इच्छा म्हणजे गर्भाच्याच इच्छा, आणि त्या अपुऱ्या राहिल्या तर मूल कुबडे, लुळे, खुजे वा आंधळे निपजते, हेही सुश्रुतातच आहे. आपला 'डोहाळे' हा शब्द आणि 'दोनजिवांची' हे विशेषण याच कल्पनेच्या कुळातले. गर्भिणीचे लाड व्हावेत यासाठी ही समजूत उपकारक ठरली असेल. पण मूल सव्यंग जन्मले की तीच समजूत आईविरुद्ध फिर्याद होऊन उभी राहिली.

युरोपातही वाट सरळ नव्हती. ॲरिस्टॉटलने कोंबडीची अंडी दिवसादिवसाने फोडून त्यांत रक्ताच्या ठिपक्यासारखे उडणारे हृदय पाहिले होते. त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी, १६५१ साली, विल्यम हार्वेने सर्व प्राणी अंड्यापासूनच होतात असे प्रतिपादन केले खरे; परंतु इंग्लंडच्या राजाच्या शिकारीतील हरिणी चिरून चिरूनही त्याला ते अंडे काही दिसले नाही. १६७७ साली डेल्फ्टच्या लेवेनहूकला शुक्रजंतू दिसले, आणि १६९४ साली हार्टसोकरने शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस चित्रित केला. अंगे आधीपासून असतातच, फक्त ती मोठी होतात, हा धन्वंतरीचाच निवाडा, येथे सूक्ष्मदर्शकाच्या साक्षीने पुन्हा दिलेला. त्याला खरा धक्का दिला तो १७५९ साली कास्पार वोल्फ या सव्वीस वर्षांच्या जर्मन तरुणाने: कोंबडीच्या गर्भात रक्तवाहिन्या आरंभी नसतातच, त्या मागाहून निर्माण होतात, हे त्याने दाखवून दिले. सस्तन प्राण्याचे बीजांड प्रत्यक्ष पाहण्यास तर १८२७ साल उजाडावे लागले. फॉन बेअर याने ते एका कुत्रीच्या बीजकोशात पाहिले. आणि शुक्रजंतूचे केंद्र बीजांडाच्या केंद्राशी एकजीव होते हे ऑस्कर हेर्टविगने १८७६ साली समुद्रातील साळूच्या पारदर्शक अंड्यात पाहिले. मनुष्याला आपल्या उत्पत्तीची मूळ गोष्ट समजून अजून पुरती दोनशे वर्षेही झालेली नाहीत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, म्हणजे मागच्या पिढ्यांच्या भ्रमांविषयी तुच्छता वाटणार नाही.

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजपेशी असतात. त्यांत पुढे एकीचीही भर पडत नाही. वयात येईतो त्यांतल्या तीन-चार लाख उरतात आणि सबंध आयुष्यात चारशेच्या आसपास पक्व होऊन बाहेर पडतात. या पेशींचे विभाजन ती मुलगी स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच सुरू होऊन मध्येच थांबते, आणि ते पुढे सरकते ते थेट त्या त्या महिन्यात, म्हणजे पंधरा, तीस, प्रसंगी चाळीस वर्षांनी. एवढी प्रदीर्घ मुदत ताटकळलेल्या पेशीत गुणसूत्रांची वाटणी कधी चुकते, आणि आईचे वय वाढेल तशी ही चूक अधिक संभवते. १८६६ साली डाऊन याने वर्णन केलेल्या मुलांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते, हे १९५९ साली पॅरिसमध्ये लेजेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. माणसाची गुणसूत्रे अठ्ठेचाळीस नसून सेहेचाळीस आहेत हेच मुळी त्याच्या तीन वर्षे आधी निश्चित झाले होते.

बीजांड बाहेर पडल्यावर फार तर एक दिवस टिकते. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. भेट होते ती गर्भाशयात नव्हे, बीजवाहिनीच्या रुंद भागात. कोट्यवधींपैकी एक शुक्रजंतू आत शिरला की बीजांडाचे कवच तत्काळ असे पालटते की दुसऱ्याला दार मिळत नाही. मूल मुलगा होणार की मुलगी हे त्याच क्षणी ठरते, आणि ते ठरवणारे गुणसूत्र आणतो शुक्रजंतू, म्हणजे बाप. मुली झाल्या म्हणून ज्या सुनांना आपल्या समाजाने टाकले, छळले, त्यांच्याबाबत निसर्गाचा दाखला इतका उघड आहे की त्यावर अधिक लिहिण्याची गरज पडू नये; तरीही गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा देशात प्रथम करण्याची वेळ १९८८ साली महाराष्ट्रावरच आली.

हे मीलन शरीराबाहेर घडवून जन्मलेले पहिले मूल १९७८ सालच्या २५ जुलैला इंग्लंडात ओल्डहॅम येथे जन्मले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुसरे जन्मले, आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवला गेला; १९८१ साली त्यांनी आपले जीवन संपवले. १९८६ च्या ऑगस्टात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्याने जन्मलेले मूल भारतातील पहिले म्हणून गाजले. पुढे मुखोपाध्यायांची टिपणे चाळून, तो पहिलेपणाचा मान त्यांचा आहे असे जाहीरपणे सांगितले ते याच आनंदकुमारांनी. शास्त्रज्ञाचा असा प्रामाणिकपणा क्वचितच पाहावयास मिळतो, म्हणून विषयाला सोडूनही तो येथे नोंदवतो.

फलित बीजांडाचे दोन, चार, आठ असे खंड पडत पाचव्या दिवशी त्याचा पोकळ गोल होतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाच्या अस्तरात रुतू लागतो. मानवी गर्भाच्या या पहिल्या पंधरवड्याविषयी आपल्याला जे कळले त्याचा मोठा भाग हेर्टिग आणि रॉक या बोस्टनच्या दोघा वैद्यांनी १९३८ ते १९५३ या काळात मिळवलेल्या चौतीस गर्भांवरून कळला. ज्यांची गर्भाशये अन्य कारणांसाठी काढावयाची होती अशा स्त्रियांनी ते शक्य केले. त्या स्त्रियांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत, आणि मी पाहिलेल्या प्रत्येक गर्भचित्रामागे मला त्या उभ्या दिसतात. त्या चौतिसांतले कित्येक गर्भ सदोषच होते. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष सापडतो. जिचा गर्भ पडला तिने जड उचलले, जिना चढली, प्रवास केला, म्हणून तो पडला असे म्हणणाऱ्यांनी एवढी गोष्ट जाणून घ्यावी.

आता तिसरा आणि चवथा आठवडा. या पुस्तकाची जवळजवळ एक-तृतीयांश पाने मी या दोनच आठवड्यांना दिली आहेत, आणि ती जास्त झाली असे मला वाटत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या आरंभी गर्भ म्हणजे दोन पदरी चकती असते, उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी. तिच्या पाठीवर एक रेषा उमटते, त्या रेषेतून पेशी आत उतरतात, आणि दोन पदरांचे तीन होतात: बाहेरच्यापासून त्वचा आणि मज्जासंस्था, मधल्यापासून हाडे, स्नायू, रक्त आणि मूत्रपिंडे, आतल्यापासून अन्नमार्गाचे आणि फुप्फुसांचे अस्तर. याच रेषेमुळे चकतीला डोके कोणते, शेपूट कोणते, डावे कोणते, उजवे कोणते हे प्रथम प्राप्त होते. मग मधोमध पाठीवर एक जाड पट्टी येते, तिच्या कडा उचलल्या जातात, आणि करंजीची पारी दुमडून कडा जुळवाव्यात त्याप्रमाणे त्या एकमेकींना भिडून नळी, म्हणजे मज्जानलिका, तयार होते. मिटण्याची क्रिया मानेच्या भागात सुरू होऊन दोन्ही टोकांकडे सरकते. डोक्याकडचे तोंड पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते, शेपटाकडचे सत्तावीस-अठ्ठाविसाव्या दिवशी. वरचे तोंड मिटले नाही तर कवटी आणि मेंदू घडत नाहीत, आणि ते मूल जगत नाही. खालचे मिटले नाही तर पाठीवर गाठ घेऊन मूल जन्मते, पाय निर्जीव राहतात, लघवीवर ताबा राहत नाही. या नळीची करंजी मिटत असतानाच, बाविसाव्या दिवसाच्या आसपास, छातीत एक साधी नळी आकुंचन पावू लागते, तेच हृदय. चवथ्या आठवड्याच्या अखेरीस सबंध गर्भ गव्हाच्या दाण्याहून लहान असतो.

हे दिवस फलनापासून मोजलेले आहेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कारण दवाखान्यात आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, आणि दोहोंत पंधरा दिवसांचे अंतर पडते. या हिशेबाने अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकल्यानंतरचे फक्त दोन आठवडे. या वेळी पुष्कळ बायकांना आपण गर्भार असल्याची शंकाही आलेली नसते.

पाचव्या आठवड्यानंतर चेहरा एकत्र येतो. वरचा ओठ दोन्ही बाजूंनी येणारे आणि मधून उतरणारे उंचवटे एकमेकांना मिळून बनतो. आपल्या प्रत्येकाच्या नाकाखाली जी उथळ पन्हळ असते ती त्या मधल्या भागाची राहिलेली खूण आहे. सांधा पुरा झाला नाही तर ओठ दुभंगलेला राहतो, आणि टाळूची दोन्ही पाती मध्यभागी मिळाली नाहीत तर टाळू. जगात सुमारे सातशे जन्मांमागे एकाला हे व्यंग असते, आणि ग्रहणाचे नावही न ऐकलेल्या देशांतही ते असते.

व्यंगांची बाह्य कारणे जगाला कळली ती दोन प्रसंगांतून. १९४१ साली सिडनीचा नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग याच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली मुले एकामागून एक येऊ लागली. त्यांच्या आयांच्या बोलण्यावरून त्याच्या ध्यानात आले की यांतल्या बहुतेकजणींना गरोदरपणाच्या आरंभी जर्मन गोवर आला होता. त्याने त्या स्त्रियांची जबानी आरोपी म्हणून घेतली नाही, साक्षीदार म्हणून घेतली. आणि आज मुलींना रुबेलाची लस मिळते ती त्या साक्षीमुळे. दुसरा प्रसंग थॅलिडोमाइडचा. पश्चिम जर्मनीत १९५७ पासून विकले जाणारे हे निर्धोक म्हणवले गेलेले झोपेचे औषध मळमळीवरही दिले जाई. हात-पाय खुंटलेली मुले जन्मू लागली, जर्मनीत लेन्झने आणि ऑस्ट्रेलियात मॅकब्राइडने बोट दाखवले, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेतले गेले. तोवर दहा हजारांहून अधिक मुले बाधित झाली होती. तपशील तपासल्यावर असे दिसले की फलनानंतर विसाव्यापासून छत्तिसाव्या दिवसापर्यंतच्या काळात घेतलेली गोळी घात करी. ती मुदत उलटल्यावर घेतलेली गोळी हातपाय खुंटवीत नसे. गर्भाच्या पंचांगाचा यापेक्षा क्रूर पुरावा दुसरा नाही.

शंभर नवजात मुलांमागे सुमारे तिघांना लहान नव्हे असे एखादे जन्मजात व्यंग असते. त्यांतल्या बऱ्याच मोठ्या हिश्शाचे कारण सर्व तपासण्या करूनही सापडत नाही, आणि ही कबुली मी या पुस्तकात ठिकठिकाणी दिली आहे. ज्या कारणाचा पत्ता शास्त्राला लागलेला नाही ते कारण शेजारणीला कसे ठाऊक असणार? आजकाल गर्भसंस्काराचे वर्ग चालतात. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाला आवाज ऐकू येतो हे खरेच आहे आणि आईने आनंदी राहावे यातही वाद नाही. परंतु बाळाचे रूप आणि बुद्धी आईच्या मनःस्थितीवर सोपवणाऱ्या शिकवणुकीत जुन्या ग्रहणाचाच नवा अवतार मला दिसतो, आणि त्याचे मला भय वाटते.

जे करता येण्यासारखे आहे ते मात्र केले जात नाही. फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व पेशींच्या विभाजनाला लागते. १९९१ साली सात देशांतील तेहेतीस रुग्णालयांत अठराशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष निघाला, की ज्यांना पूर्वी पाठीच्या व्यंगाचे मूल झाले होते त्यांनी हे जीवनसत्त्व गर्भ राहण्याआधीपासून घेतले तर ते व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण शंभरांत बाहत्तरांनी घटते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातून लोह आणि फॉलिक आम्लाची लाल गोळी नेमाने मिळते ती चवथ्या महिन्यापासून. रक्तासाठी ती फार उपयोगी आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु मज्जानलिका मिटून तेव्हा सुमारे दीड महिना होऊन गेलेला असतो. जन्मल्यानंतरची तजवीज आता पुष्कळ सुधारली आहे. २०१३ सालच्या फेब्रुवारीत पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ, मुडपलेले पाऊल, हृदयाचे दोष यांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत; आणि मुडपलेल्या पावलांना तर आयोवाच्या पोन्सेटींनी रूढ केलेल्या पद्धतीने, आठवड्याआठवड्याला प्लास्टर बदलत, बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचूनच सरळ करता येते. ज्या घरात असे मूल आले आहे त्या घराने एक दिवसही लाजेपायी दवडू नये.

परिभाषेविषयी थोडे सांगतो. फलन, गुणसूत्र, बीजांड हे शब्द पाठ्यपुस्तकांतून रुळले आहेत, ते मी घेतले; परंतु जेथे सुईणींचा शब्द जिवंत आहे तेथे संस्कृताकडे धावलो नाही, म्हणून वार आणि नाळ ही वार आणि नाळच राहिली आहेत. चित्रांखाली दिवस फलनापासून आणि पाळीपासून असे दोन्ही प्रकारे दिले आहेत.

वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक ओळीने वाचले पाहिजे असे नाही. पण घरात नव्याने लग्न झालेली मुलगी वा सून असेल तर तिसऱ्या-चवथ्या आठवड्याचे प्रकरण तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या हाती आधी द्यावे, आणि मूल हवे असे ठरताच, पाळी चुकण्याची वाट न पाहता, डॉक्टरांना विचारून फॉलिक आम्लाची गोळी सुरू करावी. साधारण स्त्रीला रोज चारशे मायक्रोग्रॅम पुरतात, आणि ती गोळी फारशी महागही नाही.